प्रयोगशाळेतील मुके साक्षीदार आणि अब्जांश तंत्रज्ञान

(कळवण येथे विद्यार्थी, शेतकरी व पशुपालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा हा मजकूर.)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी अनेकांच्या मनात असा प्रश्न उद्भवला असेल की, प्रयोगशाळेतील पांढऱ्या उंदरांना होणाऱ्या रोगांशी कळवणच्या शेतकऱ्याचा संबंध तो काय? हा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच मी प्रयोगशाळेपासून आरंभ न करता आपल्या कांद्याच्या चाळीपासून आरंभ करतो.

उन्हाळी कांदा चाळीत भरून ठेवल्यानंतर आपण निर्धास्त होत नाही. मधूनमधून चाळीकडे फेरी मारतो, हाताने चाचपतो, वास घेतो. एखादा कांदा आतून सडू लागला तरी वरून तो इतर कांद्यांसारखाच दिसतो. सडका वास जेव्हा नाकाला जाणवतो, तेव्हा एक कांदा नव्हे तर भोवतालचे शेकडो कांदे खराब झालेले असतात. वास येण्यापूर्वीच तो एक कांदा ओळखण्याची युक्ती कोणी आपल्या हाती दिली तर तिचे मोल आपणांस सांगावयास नको. संसर्गजन्य रोगांच्या बाबतीत शास्त्रज्ञांना नेमकी हीच युक्ती हवी असते. लक्षणे दिसण्यापूर्वी रोग ओळखणे, हा आजच्या विवेचनाचा गाभा होय.

सर्पदंशाची लस आणि घोड्याचे आरोग्य

आता प्रयोगशाळेतील प्राण्यांशी आपला संबंध कोठे येतो ते पाहू. पावसाळ्यात शेतात, बांधावर, गवताच्या गंजीजवळ सर्पदंश होतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या दंशाने आपल्या देशात सर्वाधिक मृत्यू होतात. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे दरवर्षी सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडलेला आहे. त्यांतील बहुतेक मृत्यू खेड्यापाड्यांत झाले. यावर खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे ज्यास आपण बोलीभाषेत ‘सापाची लस’ म्हणतो ते प्रतिविष.

हे प्रतिविष कारखान्यातील यंत्र तयार करीत नाही. ते घोड्याच्या रक्तात तयार होते. घोड्याला या चार सापांचे विष अत्यल्प मात्रेपासून आरंभ करून वाढत्या प्रमाणात टोचले जाते. घोड्याचे शरीर त्या विषाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. मग त्याचे थोडे रक्त घेऊन त्यातील द्रवभाग शुद्ध करतात, वाळवितात आणि कुपीत भरतात. महाराष्ट्रात हाफकिन संस्थेने आणि तिच्यातून १९७५ साली उभ्या राहिलेल्या हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाने हे काम अनेक दशके केले. कळवण तालुक्यातील एखाद्या पाड्यावरच्या मुलाचे प्राण वाचतात, त्यामागे कोठल्यातरी तबेल्यातील निरोगी घोडा उभा असतो.

‘निरोगी’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. तो घोडा निरोगी नसेल तर काय होते, याचे एक विदारक उदाहरण इतिहासात नमूद आहे. १९०१ साली अमेरिकेतील सेंट लुईस शहरात घटसर्पावरील औषध तयार करण्यासाठी जिम नावाचा एक घोडा पाळलेला होता. पूर्वी तो दुधाची गाडी ओढीत असे. त्या घोड्याला धनुर्वात झाला व त्यास मारावे लागले. परंतु लक्षणे दिसण्यापूर्वी, रोग अंगात शिरलेला असताना काढलेले त्याचे रक्त औषध म्हणून बाटल्यांत भरले गेले होते. घटसर्पातून वाचविण्यासाठी ज्या बालकांना ते टोचले, त्यांतील १३ बालके धनुर्वाताने मृत्यू पावली. या दुर्घटनेनंतर, १९०२ मध्ये, लस व रक्तजन्य औषधे यांच्यावर नियंत्रण ठेवणारा कायदा अमेरिकेने केला. घोडा आजारी दिसण्याच्या आधी तो आजारी आहे हे कळण्याचे साधन त्या काळी असते, तर ती १३ बालके वाचली असती.

परळची परंपरा

प्राण्यांच्या साहाय्याने रोगांचा शोध घेण्याची महाराष्ट्राची परंपरा जुनी आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. त्याच वर्षी डॉ. वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एका लहानशा प्रयोगशाळेत त्यांनी प्लेगची लस तयार केली. प्रथम प्राण्यांवर तिची परीक्षा घेऊन १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःस टोचून घेतली. १८९९ साली परळच्या जुन्या राजभवनात त्यांची प्रयोगशाळा स्थिरावली आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव देण्यात आले.

पुढे प्लेग नेमका कसा पसरतो, हे शोधण्यासाठी १९०५ पासून मुंबईत विस्तृत प्रयोग झाले. प्लेग झालेल्या घरांत शास्त्रज्ञ गिनिपिग सोडून ठेवीत. उंदरांवरील पिसवा त्यांच्या अंगावर जमत आणि त्या घरात अद्याप प्लेग दडलेला आहे किंवा कसे, हे त्या मुक्या जिवावरून कळे. म्हणजे गिनिपिग हेच त्या काळचे रोगनिदानाचे उपकरण होते. त्याची किंमत त्या प्राण्याला प्राण देऊन चुकवावी लागे आणि निदानास कित्येक दिवस लागत.

खोटी साक्ष

प्रयोगशाळेतील प्राणी हा एक साक्षीदार आहे, असे मी मानतो. नवे औषध गुणकारी आहे का, नवे कीटकनाशक घातक आहे का, याची साक्ष तो आपल्या शरीराने देतो. न्यायालयात साक्षीदार दबावाखाली असेल तर त्याची साक्ष ग्राह्य धरता येत नाही. तद्वतच प्रयोगातील प्राणी छुप्या रोगाने ग्रासलेला असेल, तर त्याची साक्षही खोटी ठरते. आणि दुर्दैव असे की, तो खोटे बोलतो आहे हे वरून दिसत नाही.

गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात अमेरिकेतील कर्करोग संशोधन केंद्रात असाच एक प्रसंग घडला. एका रसायनाचा दीर्घकालीन परिणाम पाहण्यासाठी उंदरांचे दोन गट केले होते. ज्या गटाला रसायन मुळीच दिले नव्हते, त्या गटातील उंदरांच्याही यकृतात दाह व गाठी आढळल्या. शोध घेता त्यांच्या आतड्यात व यकृतात राहणारा, तोवर अज्ञात असलेला एक जिवाणू सापडला. १९९४ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले व ‘हेलिकोबॅक्टर हेपॅटिकस’ असे त्याचे नामकरण झाले. हा जिवाणू उघडकीस आला नसता तर निरपराध रसायनास दोषी ठरविण्याचा, किंवा दोषी रसायन निर्दोष सोडण्याचा प्रमाद घडला असता.

असे छुपे रोग अनेक आहेत. उंदरांमधील एक करोना विषाणू बहुधा कोणतेही बाह्य लक्षण न दाखविता त्यांची प्रतिकारशक्ती बदलून टाकतो. सेंडाई विषाणू श्वसनमार्गास ग्रासतो. उंदरांची देवी हा रोग १९९५ व १९९९ मध्ये अमेरिकेतील दोन प्रयोगशाळांत बाहेरून आणलेल्या दूषित रक्तद्रवावाटे शिरला. काही रोग तर माणसासही सोडीत नाहीत. गेल्या शतकाच्या आठव्या व नवव्या दशकांत जपानमधील प्रयोगशाळांत पाळलेल्या उंदरांपासून हंटा विषाणूची लागण शंभराहून अधिक कर्मचाऱ्यांना झाली होती. म्हणजे साक्ष बिघडते, प्राणी दगावतात आणि पिंजरे साफ करणाऱ्या गरीब कर्मचाऱ्याचे आरोग्यही धोक्यात येते.

पूर्वीची पद्धत आणि तिचे हिशेब

मग हे रोग ओळखावयाचे कसे? आजवर रूढ असलेली पद्धत पहारेकरी प्राण्यांची आहे. काही निरोगी उंदीर वेगळे ठेवून इतर पिंजऱ्यांतील वापरलेला भुसा त्यांच्या पिंजऱ्यात टाकतात. काही आठवड्यांनंतर, बहुधा दर तीन महिन्यांनी, त्यांचे रक्त व अवयव तपासतात. ही पद्धत उपयुक्त असली तरी तिच्यात दोन उणिवा आहेत. पहिली, तीन महिन्यांत रोग सर्वत्र पसरण्यास भरपूर अवधी मिळतो. दुसरी, सर्वच रोग भुशावाटे पसरत नाहीत. सेंडाई विषाणू मुख्यतः हवेतून जातो, त्यामुळे भुशावर बसविलेल्या पहारेकऱ्याच्या डोळ्यांत तो सहज धूळ फेकतो.

येथे एक लहानसा हिशेब विद्यार्थ्यांसाठी सांगतो. मोठ्या कळपातील निम्मे प्राणी बाधित असतील तर केवळ पाच प्राणी तपासले तरी त्यांत किमान एक बाधित सापडण्याची शक्यता ९५ टक्क्यांहून अधिक असते. परंतु दहांतील एकच प्राणी बाधित असेल तर तितक्याच खात्रीसाठी २९ प्राणी तपासावे लागतात. याचा अर्थ असा की, रोग जितका लवकर, जितका थोडा असताना पकडावयाचा, तितके अधिक प्राणी तपासले पाहिजेत. प्रत्येक तपासणीसाठी प्राणी मारावा लागत असेल आणि नमुना दूरच्या प्रयोगशाळेत धाडावा लागत असेल, तर हे खर्चाच्या आणि करुणेच्या, दोन्ही दृष्टींनी परवडणारे नाही. तीच तपासणी रक्ताच्या एका थेंबावर किंवा लेंडीवर, जागच्या जागी, काही मिनिटांत झाली तर? येथेच अब्जांश तंत्रज्ञानाचा प्रवेश होतो.

सोन्याचे लाल कण

एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यांतील एका भागास नॅनोमीटर म्हणतात. माणसाच्या केसाची जाडी ढोबळमानाने ८० हजार नॅनोमीटर भरते. करोना विषाणू सुमारे १०० नॅनोमीटरचा असतो. पदार्थाचे तुकडे इतके सूक्ष्म झाले की त्याचे गुणधर्म पालटतात. सोने पिवळे असते हे आपण जाणतो. मात्र २० ते ४० नॅनोमीटरचे सोन्याचे कण पाण्यात तरंगत असले तर ते पाणी माणकासारखे लाल दिसते. मायकेल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८५७ सालीच या लाल सोन्याचा अभ्यास केला होता.

असे कण तयार करण्याच्या कामी महाराष्ट्रातील शास्त्रज्ञांनी मोलाची भर घातली आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डॉ. मुरली शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या परसातील गवती चहाच्या अर्काच्या साहाय्याने सोन्याचे त्रिकोणी सूक्ष्म कण तयार करून दाखविले. हे संशोधन २००४ मध्ये जगन्मान्य नियतकालिकात प्रसिद्ध झाले. केंद्र शासनाने २००७ साली या शास्त्रासाठी ‘नॅनो मिशन’ हाती घेतले.

आता या लाल कणांचा रोगनिदानाशी संबंध पाहू. प्रत्येक रोगजंतूच्या अंगावर त्याची स्वतःची ओळख सांगणारे घटक असतात. त्यांना प्रतिजन म्हणतात. कुलपास जशी ठरावीक किल्ली, तसे प्रत्येक प्रतिजनास चिकटणारे ठरावीक प्रतिपिंड असते. शास्त्रज्ञ सोन्याच्या कणांवर अशी प्रतिपिंडे बसवितात व ते कण एका कागदासारख्या पट्टीच्या टोकाशी वाळवून ठेवतात. पट्टीवर नमुन्याचा थेंब टाकला की, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसा तो पट्टीतून पुढे सरकू लागतो. नमुन्यात रोगजंतू असल्यास सोन्याचे कण त्यास चिकटतात आणि त्यास घेऊन पुढे जातात. वाटेत एका रेषेवर प्रतिपिंडांची दुसरी फळी उभी असते, ती त्यांना अडविते. एकटा कण डोळ्यांस दिसत नाही, पण असे असंख्य कण एका रेषेवर गोळा झाले की लाल रेघ उमटते. त्यापुढे आणखी एक रेघ असते. ती पट्टी नीट काम करीत आहे, एवढेच सांगते. ती दुसरी रेघ उमटली नाही तर तपासणी बाद समजावयाची.

ही पट्टी आपल्या ओळखीची आहे. गर्भधारणा तपासण्याची घरगुती पट्टी याच तत्त्वावर चालते. करोनाच्या साथीत, मे २०२१ मध्ये, घरी करावयाच्या तपासणीचा देशातील पहिला संच मान्यता पावला, तो पुण्यातील मायलॅब या कंपनीने तयार केलेला होता व १५ मिनिटांत निष्कर्ष देत असे.

अब्जांश कणांचा दुसरा उपयोग चुंबकीय कणांचा. लोहाच्या संयुगांचे सूक्ष्म कण नमुन्यात टाकले की रोगजंतूंचा जनुकीय अंश त्यांना चिकटतो. बाहेरून चुंबक लावून ते कण एका बाजूस ओढले की बाकीचा गाळ धुऊन टाकता येतो. भुशाच्या ढिगातून सुई शोधण्यास चुंबक वापरावा, तसाच हा प्रकार. याच रीतीने पिंजऱ्यांच्या हवा बाहेर टाकणाऱ्या नळीतील धूळ तपासली, तर एकाही उंदरास हात न लावता सबंध कप्प्यातील रोगाची वार्ता कळते. भुशावरील पहारेकऱ्यास चुकविणारा रोगही तेथे सापडू शकतो.

पुण्यातील वीस माकडे

लवकर निदानाचे महत्त्व आपल्याच राज्यात अलीकडे कसे प्रत्ययास आले, ते सांगतो. २०२० मध्ये करोनावरील स्वदेशी लस माणसास देण्यापूर्वी तिची माकडांवर परीक्षा घेणे आवश्यक होते. हे काम पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे आले. टाळेबंदीमुळे माकडे मिळणे दुरापास्त झाले होते. अखेर नागपूर परिसरातून ती मिळविण्यात आली. या मोहिमेची हकिकत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे तत्कालीन महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात सांगितली आहे.

वीस माकडांचे पाच-पाचांचे चार गट करण्यात आले. परंतु खरी चिंता वेगळीच होती. या माकडांपैकी एखाद्यास आधीच करोना होऊन गेला असेल, किंवा प्रयोग चालू असताना त्यांना चारा-पाणी देणाऱ्या माणसाकडून लागण झाली, तर? मग माकडाची प्रतिकारशक्ती लशीने आली की रोगाने, हे सांगणेच अशक्य झाले असते. साक्षच नष्ट झाली असती. म्हणून माकडांची देखभाल करणारे, पशुवैद्य व सफाई कर्मचारी यांची दर आठवड्याला करोना तपासणी केली जाई. प्राण्यापासून माणसास जपणे आपण ऐकले होते. येथे माणसापासून प्राण्यास जपावे लागले. त्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि ती लस पुढे आपल्यापैकी कित्येकांच्या दंडात टोचली गेली.

पट्टीच्या मर्यादा

नवीन साधनाची केवळ स्तुती करणे शास्त्राच्या वृत्तीस धरून नाही. झटपट पट्टी ही पीसीआर तपासणीइतकी सूक्ष्मग्राही नसते. रोगजंतू फार थोडे असतील तर ती त्यांना चुकू शकते. शिवाय खोट्या इशाऱ्याचाही प्रश्न आहे. समजा, एक हजार प्राण्यांपैकी दहाच बाधित आहेत. पट्टी बाधितांपैकी शेकडा ९० ओळखते आणि निरोगी प्राण्यांपैकी शेकडा ५ जणांना चुकून बाधित ठरविते. तर खरे बाधित नऊ सापडतील, परंतु सुमारे ५० निरोगी प्राण्यांवरही रोगाचा शिक्का बसेल. केवळ त्या रेघेवर विसंबून सारे मारून टाकले तर तो अन्याय ठरेल. यास्तव पट्टीने संशय घ्यावा आणि खात्री दुसऱ्या अधिक सूक्ष्म तपासणीने करावी, हाच योग्य मार्ग होय. पट्टी ही हाक देणारी जागल्या आहे, न्यायाधीश नव्हे.

प्राण्यांविषयीची आपली जबाबदारीही येथे ध्यानी घेतली पाहिजे. आपल्या देशात १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियमान्वये प्रयोगांवर देखरेख ठेवणारी समिती आहे आणि १९९८ च्या नियमांनुसार संस्थेतील नैतिकता समितीच्या संमतीवाचून प्रयोग करता येत नाही. शक्य तेथे प्राण्यांना पर्याय शोधावा, त्यांची संख्या कमी करावी आणि त्यांच्या यातना घटवाव्यात, हे तत्त्व १९५९ पासून जगभर मान्य होत आले आहे. त्वरित निदान या तत्त्वास पूरक आहे. रोगाने प्रयोग फसला की तो पुन्हा करावा लागतो, आणि पुन्हा तितकेच जीव खर्ची पडतात. थेंबभर रक्ताने हे टळत असेल तर तो थेंब वाया गेला असे कोण म्हणेल?

आपल्या गोठ्यापर्यंत

शेवटी आपल्या गोठ्याकडे वळतो. प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यात जे घडते, तेच गोठ्यातही घडते. गाभण गाय उशिराच्या महिन्यांत गाभडते, तेव्हा त्यामागे सांसर्गिक गर्भपाताचा जिवाणू असू शकतो. ती गाय पुढे निरोगी दिसते, दूध देते, पण रोग पसरवीत राहते. गाभडलेला गर्भ वा वार उघड्या हाताने उचलल्यास, अथवा कच्चे दूध प्यायल्यास माणसासही दीर्घकाळ रेंगाळणारा ताप येतो. असा गर्भ व वार हातमोजे घालून खोल पुरावी, दूध उकळूनच प्यावे, आणि पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना या रोगाची लस देण्याची तरतूद आहे. आपल्या वासरास ती टोचून घेण्यात हयगय करू नये. जनावराच्या रक्ताची तपासणी करावयास कोणी आले तर ‘जनावर तर धडधाकट आहे, तपासावयाचे कशाला?’ असे म्हणून त्यांना परत पाठवू नये. धडधाकट दिसणाऱ्या जनावराचीच तपासणी मोलाची असते, हे सेंट लुईसच्या त्या घोड्याने आपणांस शिकविले आहे.

विद्यार्थी मित्रांना एक सांगणे आहे. या विषयात पशुवैद्यक, रसायनशास्त्र, पदार्थविज्ञान आणि गणित यांची गाठ पडते. गिरणेच्या खोऱ्यातील मुलामुलींना यातले काहीच परके नाही. जनावरांची नाडी आपण लहानपणापासून ओळखता. गवती चहा आपल्या परसात आहे. आणि चाळीतला सडका कांदा वेळीच शोधण्याची नजर आपल्या घराण्यात चालत आली आहे. त्या नजरेला शास्त्राची जोड द्या.